रिकी ऑट, एक्झॉन वॅल्डीझ आणि शास्त्रज्ञाने बाजू घ्यावी का?

खाडीकाठ

मी प्राणीशास्त्र शिकवते. प्रदूषणाच्या धड्यात एक्झॉन वॅल्डीझ (एक्झॉन कंपनीचं तेलवाहू जहाज) दरवर्षी येतं. तारीख २४ मार्च १९८९, जागा अलास्कातली प्रिन्स विल्यम सामुद्रधुनी, सांडलेलं तेल १ कोटी १० लाख गॅलन (म्हणजे चार कोटी लिटरच्या पुढे), मेलेले पक्षी अंदाजे अडीच लाख. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, विषय संपतो. पुस्तकातल्या फोटोत तेलाने माखलेला पक्षी असतो, माणूस एकही नसतो. म्हणून यंदा वर्गात रिकी ऑटबद्दल सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही बाई सागरी विषशास्त्रातली. वॉशिंग्टन विद्यापीठाची पीएचडी, विषय समुद्रतळाच्या गाळातली विषद्रव्यं. पदवी हातात आल्यावर प्रयोगशाळा गाठायची सोडून ती अलास्कात कॉर्डोव्हा नावाच्या गावी गेली आणि सामन मासे पकडायला लागली. कॉर्डोव्हाला रस्ता नाही, जायचं ते बोटीने नाहीतर विमानाने. गाव मासेमारीवर जगणारं. तिथे ती मच्छीमारांच्या संघटनेत कामाला लागली आणि तेलवाहतुकीच्या धोक्याबद्दल बोलायला लागली. २३ मार्चच्या संध्याकाळी वॅल्डीझ गावातल्या एका बैठकीत ती फोनवरून बोलली. मोठी गळती होणार, प्रश्न फक्त कधी एवढाच आहे, असा तिचा रोख होता. त्याच रात्री बाराच्या ठोक्यानंतर काही मिनिटांत जहाज ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर चढलं.

त्यानंतर तिने पूर्णवेळ हेच केलं. कंपनीविरुद्ध भाषणं, सिनेटपुढे साक्ष, दोन पुस्तकं, सफाई कामगारांच्या आजारांचा पाठपुरावा. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा तेल-उत्खनन मंच फुटल्यावर ती तिथेही जाऊन गावोगाव फिरली.

वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग ती शास्त्रज्ञ राहिली की नाही?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण मलाच ते पटलं नाही. तुम्हाला काय वाटतं? शास्त्रज्ञाने बाजू घेतली की त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का?

मीठभाकर

चांगला विषय. शंकेखोर येईपर्यंत जागा पकडून बसतो.

बोसन

तीस वर्षं जहाजावर काढली, त्यातली बरीच टँकरवर. म्हणून आधी जहाजाबद्दल, कारण लोकांना वाटतं की दारुडा कप्तान आणि संपलं.

जहाज रात्री नऊच्या सुमारास वॅल्डीझ टर्मिनलवरून निघालं. पोटात ५ कोटी ३० लाख गॅलन कच्चं तेल. कोलंबिया हिमनदीतून सुटलेला बर्फ वाटेत होता, तो टाळायला कप्तानाने नेहमीची मार्गिका सोडली. पायलट (बंदराबाहेर वाट दाखवणारा) उतरून गेलेला. कप्तान हेझलवूड खाली आपल्या केबिनमध्ये आणि ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) अधिकारी म्हणून एकटा थर्ड मेट, तोही पुरेशी झोप न झालेला. वळायला उशीर झाला. अकरापैकी आठ माल-टाक्या फाटल्या. तळ एकपदरी होता हे लक्षात घ्या.

आता तपास अहवालात काय आहे बघा. थर्ड मेटचा थकवा, कप्तानाची दारू, कंपनीने पुरेसा आणि ताजातवाना खलाशीवर्ग न दिल्याचा दोष आणि तटरक्षक दलाच्या वाहतूक नियंत्रणातली ढिलाई, हे सगळं आहे. नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीने कप्तानाला सोडलं. निष्काळजीपणे तेल सांडल्याचा किरकोळ गुन्हा तेवढा शाबीत झाला. पण पेपरात दारूच छापून आली, कारण ती समजायला सोपी.

दुसरं म्हणजे गळती झाल्यावरची तयारी. गळतीशी सामना करायचा तेल कंपन्यांच्या ज्या कन्सॉर्शियमचा (संयुक्त संघाचा) करार होता, त्यांचा बार्ज दुरुस्तीला लागलेला आणि काही सामान बर्फाखाली. पोचायला बारा तासांच्या वर गेले. पहिले तीन दिवस समुद्र तळ्यासारखा शांत होता. तेल गोळा करायचं ते त्याच दिवसांत. नंतर वादळ आलं आणि तवंग हाताबाहेर गेला. पुढे २,१०० किलोमीटर किनाऱ्याला तेल लागलं.

बाई बरोबर होती की चूक ते नंतर बघू. पण धोक्याची घंटा तिने आधी वाजवली होती, हे विसरू नका.

शंकेखोर

आलो. :)

धागाकर्तीने एक गोष्ट गाळली आहे. रिकी ऑटच्या मते सांडलेलं तेल १ कोटी १० लाख नव्हे, ३ कोटी गॅलनपेक्षाही जास्त होतं. हा आकडा सरकारी संस्थांनी मानलेला नाही, बहुतेक संशोधकही ११ दशलक्षच धरून चालतात. तुम्ही स्वतः वर ११ दशलक्षच लिहिलंत! म्हणजे तुम्हीही तिचा आकडा घेतला नाहीत. का नाही घेतला, याचं उत्तर दिलंत तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मी प्रयोगशाळेत काम करतो (क्षेत्र वेगळं, पण शिस्त तीच). हिताचा निकाल आला तर दोनदा तपासायचा, नावडता आला तरी दोनदाच तपासायचा. चळवळीतला माणूस पहिला एकदा तपासतो आणि दुसरा दहादा.

नाखवा_उरण

शंकेखोर साहेब, तुमची प्रयोगशाळा किनाऱ्यापासून किती लांब?

आमच्याकडे २०१० ला चित्रा आणि खलिजिया धडकली, ७ ऑगस्टला. मुंबई बंदराच्या तोंडावर. शेकडो टन तेल बाहेर, कंटेनर वाहत आलेले, काहींत कीटकनाशक. बंदर बंद. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, बोटी रंगवून तयार आणि बाजारात मासलीला हात लावायला कोणी तयार नाही. बर्फातली जुनी मासली पण परत आणली. कांदळवनात खाली मुळांना काळा थर बसला होता. बोटाने ओढला की लांब तार निघायची. कालवं काढणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत काळे. माझी आई रॉकेलने पुसायची आणि मग कातडी जळायची.

नमुने घ्यायला माणसं आली होती. बाटल्या भरल्या, लेबलं लावली, गेली. त्यात काय निघालं ते आमच्या गावात येऊन कोणी सांगितलं नाही. निकाल निघाला नसेल असं मी म्हणत नाही, आम्हाला सांगितला नाही म्हणतो. असा शास्त्रज्ञ दोनदा तपासून आम्हाला काय करायचा?

कपिलाषष्ठी

नाखवा, +१००.

अवांतर: गोव्यात मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. चपलेला, पायाला चिकटले की निघत नाहीत. खोबरेल तेल चोळा, सुटतात. दरवेळी पाहुण्यांना सांगावं लागतं.

मीठभाकर

तेलाला तेल. काट्याने काटा म्हणतात ते हेच.

मांडवी_माड

कपिलाषष्ठी, ते गोळे नेमके कुठले यावर दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काम केलं आहे. प्रत्येक कच्च्या तेलाची रासायनिक ठेवण वेगळी असते. त्यावरून काही गोळे बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, काही टँकर धुवून समुद्रात सोडलेल्या पाण्यातले. मान्सूनच्या आधी वारे-प्रवाह फिरले की ते आपल्या किनाऱ्याला लागतात. हे काम करणारे कोणी घोषणा देत नव्हते आणि म्हणूनच तो अहवाल कोणालाही टेबलावर आपटता येतो. मी अर्धा शंकेखोरच्या बाजूने.

अँकरेजवासी

इथे अलास्कात राहतो, कॉर्डोव्हाला कामानिमित्त जाऊन आलो आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक. तिथले लोक गळतीबद्दल बोलायला लागले की तेलावर फार वेळ थांबत नाहीत, हेरिंग माशावर येतात. वसंतात हेरिंगचा हंगाम आधी यायचा. हिवाळाभर रिकाम्या बसलेल्या घरात पहिला पैसा त्यातून, बोटीचे हप्ते त्यातून. १९८९ ला हंगाम बंद ठेवावा लागला, पुढची काही वर्षं बरी गेली आणि १९९३ ला हेरिंग कोसळला. नव्वदच्या दशकात मध्येच थोडा उघडला, १९९९ पासून बंदच आहे. परवान्यासाठी लोकांनी मोठी कर्जं काढलेली होती. परवाना कागद म्हणून उरला, कर्ज कर्ज म्हणून उरलं.

दोन. गळतीनंतर पहिल्या आठवड्यात कॉर्डोव्हाचे मच्छीमार आदेशाची वाट बघत बसले नाहीत. आपापल्या बोटी घेऊन सामनच्या उबवणी केंद्रांसमोर तरंगते अडथळे बांधून उभे राहिले. त्या केंद्रांतली कोट्यवधी पिल्लं समुद्रात सोडायच्या बेतात होती. ती वाचली. ही माणसं आणि रिकी ऑट एकाच धक्क्यावर बोट लावायची. ती चळवळीत 'उतरली' म्हणणं मला जरा चुकीचं वाटतं, ती मुळात तिथलीच झाली होती.

शंकेखोर

हेरिंगबद्दल सावध राहा. १९९३ च्या कोसळण्यामागे विषाणूचा आजार, खाद्य, समुद्रातले बदल अशी कारणं पुढे आली आहेत. तेलाचा वाटा किती यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. माणसं दुखावलेली आहेत म्हणून कारण आपोआप सिद्ध होत नाही.

खाडीकाठ

शंकेखोर, ३ कोटीचा आकडा मी घेतला नाही कारण मला तो तपासता येत नाही. मान्य. आणि हेरिंगचा वाद खराच आहे.

पण 'शिस्त' कोणाला परवडते, तेही बघा. गळतीनंतर सरकारी शास्त्रज्ञांनी भराभर अभ्यास सुरू केले, पण खटला चालू म्हणून निष्कर्ष कुलूपबंद. १९९१ ला कंपनी आणि सरकार यांची तडजोड होईपर्यंत (९० कोटी डॉलर दिवाणी) हे लोक एकमेकांशी सुद्धा मोकळेपणी बोलू शकत नव्हते. बोटवाल्याला 'माझ्या खाडीत काय चाललंय' हे कोण सांगणार होतं? १९९३ मध्ये एकीकडे सरकारी अभ्यासकांची परिषद झाली, नुकसान चालू आहे म्हणून. दुसरीकडे कंपनीच्या पैशाने झालेल्या अभ्यासांची, सामुद्रधुनी जवळपास सावरली म्हणून. दोघांकडे पीएचडी, दोघांकडे आलेख.

आणि सफाईची गोष्ट घ्या. टीव्हीवर छान दिसतं म्हणून खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले. तेलातून वाचलेले शिंपले, शेवाळ, बार्नेकल त्या गरम पाण्याने मेले. न धुतलेले किनारे पुष्कळ ठिकाणी आधी सावरले. नोआच्या (अमेरिकेची समुद्र-हवामान संस्था) एका शास्त्रज्ञाने न धुतलेला एक मोठा दगड निवडून वर्षानुवर्षं त्याचा फोटो काढायचा क्रम ठेवला. एका वर्षी तो शेवाळाने हिरवागार, पुढे शिंपल्यांनी काळा, मग जवळपास उघडा. 'सावरला' म्हणजे कधी, हेच त्या फोटोंवरून सांगता येत नाही. ही माहिती आंदोलनातून आली नाही, हे मी स्वतःच शंकेखोरच्या खात्यात जमा करते.

कोर्टाची_पायरी

कायद्याची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून.

१९९४ ला ज्यूरीने दंडात्मक भरपाई ठरवली ५ अब्ज डॉलर. वादी सुमारे ३२,००० : मच्छीमार, आदिवासी गावं, जमीनमालक. कंपनी अपिलावर अपील करत गेली. २००६ ला रक्कम अडीच अब्जावर आली. २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती आणली ५०.७५ कोटी डॉलरवर. न्यायमूर्ती सूटर यांचा निकाल, सागरी कायद्यात दंड प्रत्यक्ष नुकसानीएवढाच, एकास एक. न्या. अ‍ॅलिटो बाजूला राहिले कारण त्यांच्याकडे कंपनीचे शेअर होते. माणशी सरासरी १५,००० डॉलर पडले आणि वाट बघता बघता हजारो वादी वारलेले.

आता या धाग्याशी संबंधित गंमत. ज्यूरी दंडाच्या रकमा ठरवताना कशा भरकटतात, यावर बरंच संशोधन झालं होतं. त्याच निकालाच्या १७ व्या तळटीपेत न्यायालय म्हणतं की काही अभ्यासांना एक्झॉनने पैसे दिले आहेत, म्हणून आम्ही त्यावर विसंबत नाही. तेव्हा शंकेखोर, बाजू घेतलेलं संशोधन फक्त मोर्चातून येत नाही. मोर्चातली बाई निदान फलक हातात धरून येते.

मीठभाकर

तळटीप नं. १७. वाचनखूण साठवली.

बोसन

वाद वाढवत नाही, पण जहाजाचं पुढे काय झालं ते कोणाला ठाऊक आहे? डागडुजी झाली, नाव बदललं, मग पुन्हा बदललं, असं करत शेवटी 'ओरिएंटल नाइसिटी'. टँकरची खनिजवाहू केली होती. २०१२ ला ते कुठे आलं? अलंगला! आपल्या गुजरातेत, भंगारात. सर्वोच्च न्यायालयात (आपल्या) अर्ज झाला, विषारी माल आहे का बघा म्हणून. काही महिने लटकलं आणि जुलैअखेर परवानगी मिळाली. ज्या जहाजाने अलास्का काळी केली, त्याचे पत्रे आपल्याकडच्या मजुरांनी कापले.

अपूर्णांक

बोसनकाका, हे माहीत नव्हतं. आता कुठल्या तरी इमारतीच्या सळयांत ते असेल.

खाडीकाठ

अजून एक नाव राहून गेलं. रिक स्टाइनर. अलास्का विद्यापीठाचा प्राध्यापक, गळतीच्या वेळी कॉर्डोव्हातच नेमणुकीला. त्याने अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागरातल्या तेल-उत्खननाविरुद्ध जाहीर मत मांडलं. केंद्रीय संस्थेच्या अधिकाऱ्यांनी नाराजी कळवली, त्याच्या पदाला मिळणारं सी ग्रँटचं (समुद्र-संशोधनाची केंद्रीय योजना) अनुदान गेलं. विद्यापीठाकडे दाद मागितली, मिळाली नाही. २०१० ला त्याने राजीनामा दिला.

त्याचे आकडे चुकीचे आहेत असं कोणी म्हटलं नव्हतं. तू 'वकिली' करतोस, एवढाच आक्षेप.

शंकेखोर

स्टाइनरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने. मत मांडलं म्हणून पैसे तोडणं हा गलथानपणा नाही, दमदाटी आहे.

पण ऑटच्या बाबतीत माझा एक मुद्दा उरतोच. सफाई कामगारांचे आजार. १९८९ च्या उन्हाळ्यात हजारोंना खोकला, घसा, श्वासाचा त्रास झाला. कंपनीच्याच नोंदीत श्वसनाच्या संसर्गाच्या सहा हजारांहून जास्त केसेस आहेत. सर्दी-फ्लूच्या खात्यात घातल्या की सरकारला कळवायची गरज नाही, म्हणून तिथेच राहिल्या. ऑट म्हणते हे तेलाच्या वाफा आणि रसायनांचं विष. शक्य आहे, दाट शक्यता आहे म्हणा. पण त्या कामगारांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारा अभ्यास झालाच नाही. तो नसताना ती 'शक्य आहे' म्हणत नाही, 'आहे' म्हणते. तिथे मी थांबतो.

नाखवा_उरण

अभ्यास झाला नाही तो कोणामुळे? कामगारांमुळे?

शंकेखोर

नाही. हे मान्य.

मांडवी_माड

मला वाटतं ऑटचं सगळ्यात टिकाऊ काम तिच्या पुस्तकांत नाही, ते कोणाच्या एकट्याच्या नावावरही नाही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये मच्छीमारांनी वॅल्डीझजवळच्या अरुंद जलमार्गात बोटी आडव्या लावून टँकर अडवले, तीन दिवस. त्यातून सामुद्रधुनीच्या परिसंस्थेच्या संशोधनाला पैसे मिळवले. बघा, मोर्चाने मागितलं काय, तर संशोधन!

आणि त्याआधी १९९० चा तेलप्रदूषण कायदा. दुहेरी तळाचे टँकर त्यातून आले आणि नागरिकांची सल्लागार परिषदही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरल्या सलम व्हो तेलबंदराचा नमुना समोर ठेवून मच्छीमार, गावं, आदिवासी यांच्या प्रतिनिधींना कायद्याने जागा दिली. खर्च तेल कंपन्यांच्या कन्सॉर्शियमने करायचा आणि ऐकून मात्र घ्यायचं परिषदेचं. त्यांचे स्वतःचे तांत्रिक अभ्यास होतात. टँकरबरोबर जाणाऱ्या टग बोटींवर त्यांची नजर असते.

आपल्याकडे राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना १९९६ पासून आहे, जबाबदारी तटरक्षक दलाकडे. सराव होतात. पण नाखव्याला त्या टेबलाशी खुर्ची कुठे आहे?

बोसन

खुर्ची सोडा. २०११ ला रॅक कॅरिअर मुंबईजवळ बुडाली, ६०,००० टन कोळसा पोटात. राष्ट्रीय हरित लवादाचा १०० कोटींचा निकाल आला २०१६ ला. पाच वर्षांत समुद्रातल्या कोळशाचं काय झालं असेल?

नाखवा_उरण

अशा खुर्चीवर आमच्यातला माणूस बसवला तर तो कंपनीचा होऊन परत येतो, हे पण लिहा. गावात असे आहेत. गळतीनंतर अलास्कात पण झालं असेलच, बोटी भाड्याने देऊन कोणी मालामाल, कोणी तसाच.

अँकरेजवासी

झालं तर! सफाईसाठी बोट भाड्याने देणाऱ्यांना भरमसाट पैसे मिळाले, त्यांना 'स्पिलिओनेअर' म्हणायचे. ज्यांनी त्या पैशाला हात लावला नाही ते आणि ज्यांनी लावला ते, यांच्यात अनेक वर्षं बोलणं नव्हतं. समाजशास्त्रज्ञांनी कॉर्डोव्हात यावर बराच अभ्यास केला. तेलापेक्षा खटल्याने माणसं जास्त पोखरली, असं त्यांचं निरीक्षण.

खाडीकाठ

सगळं वाचलं. त्या मुलाला मी आता हे सांगीन : आकडा तिचा असो की कंपनीचा, कसा काढला ते विचार. आणि आकडा काढणारा गळतीआधी तिथे होता का, तेही विचार. ऑटकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं, पहिल्या प्रश्नाचं प्रत्येक वेळी नव्हतं.

आमच्याकडे अडचण अशी की आमच्या किनाऱ्याचं 'आधीचं' चित्र आमच्याकडे नाही. उद्या काही झालं तर कशाशी ताडून बघणार? मुलांना घेऊन ओहोटीला खडकांवर चौकटी टाकून कालवं-शंख मोजायचा विचार आहे. नाखवा, करंज्याकडचे खडक दाखवाल का? शंकेखोर, चौकटी कुठे आणि किती टाकायच्या ते ठरवून द्याल?

शंकेखोर

देईन. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, जिथे कालवं भरपूर दिसतात तिथेच चौकट ठेवायची नाही. आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत पोस्टर रंगवायचं नाही.

नाखवा_उरण

पौर्णिमेनंतरच्या मोठ्या ओहोटीला या, तेव्हा खालचे खडक उघडे पडतात. चपला नको, कालवांच्या कडांनी पाय फाटतात, बूट आणा. पोस्टरचं मुलांचं मुलं बघतील.

मीठभाकर

आणि खोबरेल तेलाची बाटली.